वाकळीचा घास

१९९१ साल. ऑक्टोबरचा तिसरा बुधवार होता, आणि सकाळी साडेनऊला शैला कर्णिक आपल्या ऑफिसात गुडघ्यांवर बसून टेबलाचे खण एकामागून एक उघडत होती.

"कुमुदताई, माझी शेंगदाण्यांची पुडी तुम्ही लपवलीत."

"काल तूच संपवलीस. भाषण पाठ करताना."

"मग आज मी काय खाऊन भांडू?"

"भांडण उद्या आहे."

"तयारी म्हणजे भांडणच. हौसा आली का?"

हौसा आठ वाजल्यापासून बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं, आणि शेजारच्या भिंतीवर शैलाचाच हसरा फोटो: 'कर्णिक, सिटी कौन्सिलसाठी'. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती.

आमचं गाव न्यू जर्सीत, नदीकाठी. एके काळी तिथे रेशमाच्या गिरण्या होत्या. गिरण्या गेल्या, घरं स्वस्त झाली आणि जगभरची माणसं येऊन राहिली. त्यातल्या निम्म्यांच्या कागदपत्रांत काहीतरी भानगड असायची, आणि ती सगळी शैलाकडे यायची. शैला दादरची. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, एकटी राहणारी, बोलायला तिखट. तिचा विश्वास एकाच गोष्टीवर होता. "रडू नका, कागद आणा," असं ती प्रत्येकाला सांगायची. मी तिच्याकडे टायपिंग करायची आणि कोर्टात मराठी, हिंदी, गुजराती माणसांची दुभाषी म्हणून उभी राहायची.

दुभाष्याचा एक नियम असतो. साक्षीदार 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'ती असं म्हणते' वगैरे चालत नाही. त्यामुळे दिवसभरात मी कितीतरी जण होत असे. कधी जहाजावरून पळालेला खलाशी, कधी नवऱ्यानं टाकलेली सून. घरी आल्यावर पुन्हा कुमुद सबनीस व्हायला मला चहा लागायचा.

आणखी एक सांगायला हवं. माझा डावा कान सातव्या वर्षी गालगुंडात गेला. साक्षीदाराला मी नेहमी उजव्या हाताला बसवायची. डॉ. नाडगौडा आमच्या गावातले कान-नाक-घशाचे डॉक्टर, महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी एकदा तो कान यंत्रावर तपासला होता आणि कागदावरची सरळ रेघ मला दाखवली होती. "कुमुदवहिनी, हे बंद दार नाही. ही भिंत आहे. पलीकडे काहीच नाही."

हौसाची केस याच नाडगौडांच्या घरातली होती.

शैलानं तिला आत बोलावलं. "हौसा, उद्याचं परत एकदा. पहिल्यापासून."

"किती येळा सांगू, वकीलबाई?"

"जज्जला कंटाळा येईपर्यंत. हं."

हौसा गडहिंग्लजकडची. तिशीची असेल. तिची थोरली बहीण तानू १९८४ साली नाडगौडांकडे घरकामाला आली होती. नवरा विहिरीच्या कामावर दगड पडून गेला, आणि महिन्याभरात कुणीतरी अमेरिकेचं काम आणलं.

"आक्का निघाली तवा तिला दुसरा म्हैना होता. माझ्याबिगर कुणाला ठावं न्हवतं. सांगितलं असतं तर त्यांनी न्हेलीच नसती."

दीड वर्षानं गावी अस्थी आल्या आणि तानूचा पासपोर्ट आला. न्यूमोनिया, असं पत्रात लिहिलं होतं. मूल झाल्याचं त्यात एक अक्षर नव्हतं. बदली बाई म्हणून दोन महिन्यांनी हौसा आली, तर घरात वर्षाची मुलगी होती. नीना. नाडगौडांच्या लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि तोवर त्यांना मूल नव्हतं.

"दारातच बगितलं मी तिला. आक्काच ती. तसंच कपाळ, तसंच बगणं. म्या काय बोलले न्हाई. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी इमानात बसवलं असतं."

सहा वर्षं ती गप्प राहिली. तिचा व्हिसा संपला, पासपोर्ट डॉक्टरांच्या कपाटात. मुलीला तिनं न्हाऊ-माखू घातलं, जेवू घातलं, कुशीत निजवलं. मग त्या वर्षी मंडळाच्या गुढीपाडव्याला, पुऱ्या लाटताना, कुणी तरी सहज म्हणालं की नीना हौसासारखी दिसते हो. आणि हौसाच्या तोंडून निघून गेलं, "दिसंल की. माझ्या आक्काचीच हाय."

आठवड्याभरात तिची बॅग अंगणात होती आणि तिच्या नावावर हद्दपारीची नोटीस.

"तुझ्याकडे पुरावा काय?" शैलानं जज्जच्या आवाजात विचारलं.

हौसानं गाठोडं जवळ ओढलं.

"नीना तुझ्या रक्ताची आहे हे सिद्ध झालं तर जज्ज थांबेल. नाही झालं तर शुक्रवारी तुला विमानात बसवतील, आणि ती पोरगी तुला परत दिसणार नाही. त्यांच्याकडे जन्माचा दाखला आहे. त्यावर आई म्हणून सुनीती नाडगौडांचं नाव आहे. आपल्याकडे काय आहे?"

"माझं मन हाय."

"मनावर शिक्का नसतो गं, बाई." शैला खुर्चीत मागे टेकली. "या गाठोड्यात काय आणलंयस?"

"समदं. उद्या तितनंच न्हेलं तर?"

तिनं गाठ सोडली. दोन साड्या, एक फणी, नीनाचा आखूड झालेला लाल स्वेटर. आणि एक वाकळ, लहान मुलाची. तानूनं पोटुशी असताना आपल्या लुगड्यांची शिवायला घेतलेली. सुनीतीबाईंनी ती घाण म्हणून गॅरेजमध्ये टाकली होती. हौसानं आल्याच आठवड्यात ती उचलून आपल्या अंथरुणात घेतली होती.

शैलानं ती हातात घेतली आणि तिचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला. "हे कडक काय आहे?"

"घास."

"कसला घास?"

"आमच्यात वाकळ पुरी झाली की कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवत्यात. उपाशी वाकळ पोराला ऊब देत न्हाई."

"सात वर्षांची भाकरी? मुंग्या नाही लागल्या?"

"लागत न्हाईत. वाळून पापडावानी होती." हौसानं वाकळ तिच्या हातातून काढून घेतली. "तो कोपरा उसवायचा न्हाई, वकीलबाई. घास काढला तर घरात कुणाच्या तोंडचा जातो."

मीही तो कोपरा चाचपला. मी गिरगावची. आमच्याकडे गोधड्या विकत घेतल्या जायच्या. मला हे सारं नवीनच होतं.

त्याच वेळी माझ्या डाव्या कानात तो आवाज झाला.

आवाज म्हणू की नको, तेव्हाही कळलं नव्हतं. जाड कापडातून लांब दोरा ओढल्यासारखं काहीतरी. सर्र. थांबायचं. पुन्हा सर्र. हौसा पहिल्यांदा गाठोडं घेऊन आली त्या दिवसापासून तो मधूनमधून व्हायचा. मेलेला कान म्हातारपणी असाच कुरकुरत असेल, असं म्हणून मी कुणाला काही बोलले नव्हते.

दुपारी डॉ. नाडगौडा स्वतः आले. हातात मिठाईचा डबा, अंगावर राखाडी सूट. हौसा खाली दुकानात गेली होती. गाठोडं बाकावरच होतं.

"शैला, प्रचार जोरात दिसतो."

"पाय दुखतात, डॉक्टर. बाकी जोर आहे."

"मंडळाची तीनशे घरं आहेत या वॉर्डात. मी शब्द टाकला तर तुझे पाय दुखायचे थांबतील." ते बसले. "एका मोलकरणीसाठी आपल्याच माणसाला कोर्टात खेचतेस, हे लोकांना आवडत नाही. नोटीस सरकारची आहे. तू फक्त बाजूला हो."

"आणि नीना?"

"नीना आमची आहे. दाखला पाहिलायस तू. तूच म्हणतेस ना, रडू नका, कागद आणा?"

शैलानं हातातलं पेन खाली ठेवलं. "तेच तर माझं दुखणं आहे, डॉक्टर. तुमच्याकडे कागद आहे आणि मला तो खरा वाटत नाही. असं मला याआधी कधी झालं नाही."

"मतं मोजल्यावर कळेल."

"कळेलच. डबा घेऊन जा. साखर वाढलीय माझी."

ते उठले तेव्हा माझ्या कानातला आवाज इतका वाढला होता, की मी टाइपरायटर सोडून हाताचा तळवा डाव्या कानावर दाबला. त्यांचं लक्ष गेलं. "दुखतोय?"

"आवाज येतोय. शिवणासारखा."

"त्या कानात?" ते हसले. "येणं शक्य नाही, वहिनी. मी स्वतः तपासलाय."

जाताना त्यांची नजर बाकावरच्या गाठोड्यावर पडली. ते मिनिटभर तिथेच थांबले. मग गेले.

गुरुवारी दहा वाजता आम्ही सरकारी इमारतीच्या अकराव्या मजल्यावर होतो. इमिग्रेशनचं कोर्ट म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली. उंच टेबलामागे जज्ज, एक थकलेले वयस्क गृहस्थ. त्यांच्यापुढे कॅसेटचं यंत्र, कारण तिथलं सगळं बोलणं टेप होतं. सरकारी वकील एका टेबलाशी, शैला दुसऱ्या. साक्षीदाराच्या लांब टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. मी मधल्या खुर्चीत बसले, हौसा माझ्या उजव्या हाताला, गाठोडं तिच्या पायांशी. डावीकडची खुर्ची रिकामी. मागच्या खुर्च्यांवर नाडगौडा आणि सुनीतीबाई. त्या फिकट निळी साडी नेसल्या होत्या आणि एकदाही मान वर करत नव्हत्या.

मी शपथ घेतली. साक्षीदार जे बोलेल ते सगळं सांगेन, आणि तेवढंच सांगेन.

पहिला तास सरकारी वकिलाचा गेला. कधी आलीस, कधी परत जायचं होतं, का गेली नाहीस. हौसा नीट उत्तरं देत होती. मी तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होते. मी सहा वर्षं राहिले. मी मुलीसाठी राहिले. मग जज्जनीच चष्मा काढला आणि पुढे वाकले.

"बाई, ही मुलगी तुमच्या बहिणीची आहे असं तुम्ही म्हणता. तुमच्या शब्दापलीकडे तुमच्याकडे काही आहे का?"

मी ते मराठीत सांगितलं. हौसानं मान खाली घातली. खोली इतकी शांत झाली की कॅसेटची चक्रं फिरताना ऐकू येत होती.

मग उत्तर आलं.

मागे एक खुर्ची धाडकन पडली. मी लक्ष दिलं नाही. उत्तर चालू असताना दुभाष्यानं दुसरीकडे बघायचं नसतं. मी सांगत गेले. "दवाखान्याचा कागद मी वाकळीत शिवला आहे. कोपऱ्यात, घासाच्या जागी. तिथे कुणी हात घालणार नाही हे मला माहीत होतं. वर नाव बाईंचं आहे. पण खाली पोरीच्या पावलांचा ठसा आहे आणि त्याच्याशेजारी अंगठा माझा आहे."

जज्ज गोंधळले. "तुमचा?"

पुढचं वाक्य आलं. ते मी सांगणार, एवढ्यात मागून सुनीतीबाई किंचाळल्या, मराठीत. "तानू, गप! गप बस!"

नाडगौडा त्यांना खाली खेचत होते. जज्जनी टेबलावर हात आपटला आणि त्या काय म्हणाल्या ते मला विचारलं. मी सांगितलं.

"तानू कोण?"

"साक्षीदाराची मृत बहीण, युवर ऑनर," शैला म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी विनंती करते की ती वाकळ इथेच, आपल्यासमोर उघडावी."

जज्जनी मान हलवली. मी हौसाकडे वळले. "हौसा, कोपरा उसव म्हणतात."

ती दचकली. "घासाचा? न्हाई! कुणी सांगितलं त्यांना?"

"तूच तर आत्ता..."

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीच न समजल्यासारखी. मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. तिनं गाठोडं वर घेतलं, वाकळ टेबलावर पसरली आणि कात्री मिळायची वाट न बघता कोपऱ्याचा टाका दातानं तोडला. एक, दोन, तीन थर. आत भाकरी नव्हती. चौघडी घातलेला, कडांनी पिवळा पडलेला जाड कागद होता.

इथल्या दवाखान्यांत बाळंत झालेल्या बाईला आठवण म्हणून असा कागद देत. बाळाची दोन काळी इवलीशी पावलं, तारीख, आईचं नाव, आईचा अंगठा. नाव होतं सुनीती नाडगौडा. नाडगौडांनी तानूला बायकोच्या नावानं दाखल केलं होतं. पण अंगठा कुणाचा घ्यायचा हे नर्सनं त्यांना विचारलं नव्हतं. पलंगावर जी होती तिचा घेतला.

शैलानं फाइलमधून गावाहून मागवलेला तानूचा पासपोर्ट काढला. सहीच्या जागी अंगठा होता. दोन्ही तिनं जज्जपुढे शेजारी शेजारी ठेवले. भिंग लागलंच नाही. दोन्ही ठशांवरून एक पांढरी तिरपी रेघ गेली होती.

"विळा लागला होता आक्काला," हौसा म्हणाली. "मी नऊ वर्सांची होते."

हे मी इंग्रजीत सांगितलं. त्या दिवशी शेवटचं सांगितलं ते हेच.

जज्जनी हद्दपारी तीन महिने थांबवली, आणि मुलगी कुणाकडे राहावी हे त्या विषयाच्या कोर्टाकडे सोपवलं. लिफ्टमध्ये शैलानं माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे काळं-निळं झालं.

तो दुसरा दिवस. कोर्टातून टेपची नक्कल आली होती. जबानी उतरवून काढायची म्हणून दुपारी जेवण झाल्यावर आम्ही दोघी ऐकायला बसलो. खिडकीत लख्ख ऊन होतं आणि शैला शेंगदाणे खात होती.

जज्जचा प्रश्न आला. माझं मराठी आलं. मग शांतता. चक्रांची घरघर. खुर्ची पडल्याचा आवाज. आणि मग माझा आवाज, इंग्रजीत: दवाखान्याचा कागद मी वाकळीत शिवला आहे.

शैलानं यंत्र थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा लावलं. तीन वेळा. शेंगदाणे तसेच मुठीत राहिले.

"कुमुदताई, हौसा कुठाय?"

"म्हणजे?"

"टेपवर. तिचं उत्तर कुठाय? तिचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. ती बोललेली नाही."

"ती बोलली. मी ऐकलं. जरा घोगरा आवाज होता, मला वाटलं रडू आलं असेल."

"तुम्हाला घास म्हणजे काय ते बुधवारी कळलं. त्यात कागद आहे हे तर मलाही माहीत नव्हतं. हौसालाही नव्हतं." ती हळू बोलत होती. "आणि ऐकताना तुम्ही तिच्याकडे वळला नव्हतात. मी समोरच होते. मला वाटलं, तुमची मान अवघडली. तुम्ही डावीकडे वळला होतात."

मला आठवलं. अंगात, मानेत आठवलं. रिकाम्या खुर्चीकडे मी कान दिला होता. डावा.

मी म्हणाले, "साक्षीदार जे बोलेल तेवढंच सांगेन अशी शपथ घेतली होती मी."

"माहीत आहे."

"मग जज्जला सांगायला हवं."

"काय सांगू? मी, शैला कर्णिक, काय लिहून देऊ?" ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "आणि तिची पोर गेली तर?"

"कागद सगळ्यांसमोर निघाला. तो कुठे जाणार आहे?"

संध्याकाळी हौसा आली. शैलानं तिला विचारलं, तू बोललीस का. तिनं मान हलवली.

"म्या न्हाई. आक्का बोलली." मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी अजून विसरले नाही. तो आनंद नव्हता. "सहा वर्सं त्या वाकळीवर हात ठिऊन निजले मी, बाई. मला एक सबुद आला न्हाई. तुमास्नी बऱ्या आल्या हाका?"

जज्जनी 'तुमचा?' विचारल्यावर जे एक वाक्य आलं होतं, आणि सुनीतीबाईंच्या ओरडण्यात माझ्या तोंडातच राहिलं होतं, ते तेव्हा माझ्या जिभेवर होतं. मी ते सांगितलं नाही. तिला आधीच इतकं लागलं होतं. आणखी एक निरोप, तोही माझ्याकडेच आलेला, तिला कसा द्यायचा?

सोमवारी शैलानं जज्जना लिहून दिलं. साक्षीदारानं न दिलेलं उत्तर दुभाष्याकडून नोंदलं गेलं आहे, ते काढून टाकावं. कारण लिहिलं नाही. जज्जनी ती वाक्यं नोंदीतून काढून टाकली. कागद मात्र राहिला. वाकळ उसवलेली होती, तिला कोण काय करणार? दुभाष्यांच्या यादीतून माझं नाव कायमचं गेलं.

आता एकेकाचं सांगून टाकते.

शैला ती निवडणूक एकसष्ट मतांनी हरली. मंडळाची तीनशे घरं तिच्या बाजूला आली नाहीत. दोन वर्षांनी ती पुन्हा उभी राहिली, निवडून आली, आणि सलग तीन वेळा निवडून येत राहिली. ती कॅसेट तिनं मला दिली. "ज्याचा कागद नाही असं माझ्या ऑफिसात एवढंच आहे. तुम्हीच ठेवा." २०१२ साली ती गेली. शेवटच्या आजारातही माणसं कागद घेऊन दवाखान्यात यायची आणि नर्स त्यांना हाकलायची.

डॉ. नाडगौडांनी अखेरपर्यंत काही कबूल केलं नाही. ते टेक्ससला गेले, तिथेच वारले.

कबुली दिली ती सुनीतीबाईंनी. दुसऱ्या कोर्टात एकच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी सगळं सांगितलं. दाखला, दवाखाना, आणि डॉक्टरच्या घरात तानूनं नऊ दिवस ताप कसा अंगावर काढला तेही. नीना हौसाकडे गेली. त्यानंतर एकदाच त्या मला भेटल्या, वाण्याच्या दुकानात, मेथी निवडताना. मी धीर करून विचारलं. "त्या दिवशी तुम्हालाही ऐकू आलं होतं ना?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुम्हाला एकदा आलं, वहिनी. मी सहा वर्षं रोज ऐकत होते." पुढे त्या पुण्याला भावाकडे गेल्या. नंतरचं मला माहीत नाही.

हौसाला कागद मिळायला पाच वर्षं लागली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, गाडी चालवायला शिकली, माझ्याशी शेवटपर्यंत चांगलं बोलली. पण आक्काचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. दोन वर्षांपूर्वी ती गेली.

नीना इंजिनिअर आहे. राज्यातले पूल तपासत हिंडते. गेल्या ऑक्टोबरात ती माझ्याकडे आली, त्याच वाकळीची घडी हातात घेऊन. कोपरा तसाच उसवलेला. हौसानं तो कधी शिवला नव्हता.

"मावशी म्हणायची, तुमच्याकडे टेप आहे." तिचं मराठी हौसाकडून आलेलं, तुटकं, त्याच वळणाचं.

मी कपाटातून कॅसेट काढली. जुनं यंत्र अजून चालतं. शांतता आली, खुर्ची पडली, आणि एक्कावन्न वर्षांची मी इंग्रजीत म्हणाले, अंगठा माझा आहे. नीनानं ते मागे घेतलं आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा. तिच्या आईचं जगात एवढंच बोलणं उरलंय, तेही परक्या भाषेत आणि माझ्या आवाजात.

"एवढंच?" तिनं विचारलं.

त्र्याऐंशी वर्षांची झाले. आता कुणासाठी ठेवायचं?

"आणखी एक वाक्य होतं. मी ते सांगितलं नव्हतं." आणि दुभाष्यासारखं नाही, जसं आलं तसंच सांगितलं. "'कागदापायी वाकळ उपाशी ऱ्हायली. तेवढा घास भरवा तिला.'"

नीनानं वाकळ माझ्या मांडीवर ठेवली. मग स्वयंपाकघरात गेली. डब्यात सकाळच्या दोन पोळ्या होत्या. तिनं एकीचा तुकडा तोडून आणला. सुई मी दिली, दोरा तिनंच ओवला.

कोपरा शिवायला ती माझ्या शेजारी बसली. सवयीनं मी तिला उजवीकडे ये म्हणणार होते, पण ती डावीकडेच बसली होती. मी डोळे मिटून घेतले.

सर्र. थांबायचं. पुन्हा सर्र.

मला प्रत्येक टाका ऐकू येत होता.